मतांची फेरमोजणी आणि न्यायालय

ग्रामपंचायतीच्या निकालाचा दिवस म्हणजे आपल्या भागात जत्रेचाच दिवस. तहसील कचेरीसमोर गुलालाच्या पिशव्या घेऊन ताटकळत उभी असलेली माणसे, आत मोजणीच्या टेबलाशी मान वाकवून बसलेले दोन्ही पॅनेलचे प्रतिनिधी, आणि चार-पाच मतांनी निकाल गेला की उठणारा तो एकच आवाज : "पुन्हा मोजा!" इंझोरी असो की मुंबई, हा आवाज सारखाच असतो. पुष्कळांची अशी समजूत असते की मते मोजणे हे तिसरीच्या वर्गातले अंकगणित आहे. संशय आला की पुन्हा मोजावे, तासाभरात सोक्षमोक्ष लागेल. प्रत्यक्षात मात्र हा प्रश्न गणिताचा फार थोडा आणि कायद्याचा फार मोठा आहे. पुन्हा मोजायचे कोणी, कोणाच्या हुकमाने, किती दिवसांच्या आत, आणि कोणते मत ‘मत’ म्हणून धरायचे, या चार प्रश्नांवर जगातल्या मोठमोठ्या न्यायालयांत लढाया झालेल्या आहेत.

गावच्या पायरीपासूनच सुरुवात करू. आपल्या राज्याच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे १५ वे कलम असे सांगते की, निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांच्या आत उमेदवाराला, इतकेच नव्हे तर त्या निवडणुकीतल्या कोणाही मतदाराला, त्या भागाच्या दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. न्यायाधीश मतांची छाननी करून पुन्हा मोजणी करू शकतो, आणि दोन्ही उमेदवारांची मते सारखी निघाली तर न्यायाधीशासमोर चिठ्ठी टाकून जिच्या नावाने चिठ्ठी निघेल त्या उमेदवाराला एक मत अधिक धरले जाते. आपण तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. ही केवळ खेड्यापाड्याची रीत आहे असे कोणी समजू नये. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागात फेरमोजणीनंतर दोन उमेदवार समसमान ठरले आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा तो नगरसेवक चिठ्ठीनेच ठरला.

आता हाच वाद राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभा राहिला तर? असा प्रसंग २००० साली अमेरिकेत आला. तो नीट समजून घेतला म्हणजे आपल्या घटनाकारांनी आणि कायदेकारांनी या बाबतीत वेगळी वाट का धरली, हेही आपोआप कळते.

अमेरिकेचा अध्यक्ष जनतेच्या एकूण मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला काही निर्वाचक दिलेले असतात आणि बहुतेक राज्यांत जो उमेदवार एका मताने का होईना पुढे असेल, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. ७ नोव्हेंबर २००० रोजी मतदान झाले तेव्हा देशभरच्या मतांत डेमोक्रॅटिक पक्षाचे अल् गोर हे रिपब्लिकन पक्षाच्या जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. परंतु फ्लोरिडा या एका राज्याचे २५ निर्वाचक ज्याला मिळतील तो अध्यक्ष होणार, अशी अवस्था आली. त्या राज्यात सुमारे साठ लाख मते पडली होती आणि पहिल्या मोजणीत बुश अवघ्या १,७८४ मतांनी पुढे होते. अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर यंत्राने आपोआप पुन्हा मोजावे, असा तिथला कायदा. तशी मोजणी झाली आणि हे अंतर तीनशेच्या घरात आले. साठ लाखांत तीनशे! टेबलावर सांडलेले तांदूळ दोनदा मोजले तर दोनदा सारखे भरतील की नाही, अशी शंका यावी इतके हे अंतर लहान होते.

येथे मतपत्रिकेबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण सगळे भांडण तिच्यातूनच निघाले. फ्लोरिडाच्या अनेक जिल्ह्यांत मतदाराने पुठ्ठ्यासारख्या कार्डावर उमेदवाराच्या नावासमोर टोचणीने भोक पाडायचे असे. भोक पडले की कागदाचा बारीकसा चौकोनी तुकडा गळून पडतो. त्याला तिकडे ‘चॅड’ म्हणतात. हा तुकडा पुरता गळला नाही, एका कोपऱ्याला लोंबकळत राहिला, किंवा नुसता टोचल्याचा खळगा उमटला, तर यंत्राला भोक दिसत नाही आणि ते मत कोऱ्यात जमा होते. माणसाने कार्ड उजेडासमोर धरले तर मात्र मतदाराचा कल दिसू शकतो. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एक छायाचित्र फार गाजले : मोजणी अधिकारी चष्मा कपाळावर चढवून, डोळे फाकून, एक कार्ड दिव्यासमोर धरून पाहत आहेत. महासत्तेचा अध्यक्ष कोण हे त्या कार्डाच्या भोकात अडकले होते.

गोर यांनी चार जिल्ह्यांत हाताने फेरमोजणी मागितली. बुश यांचे वकील ती थांबविण्यासाठी न्यायालयात गेले. राज्याच्या निवडणूक कायद्यात आकडे कळविण्याची मुदत १४ नोव्हेंबर होती आणि राज्याच्या सचिव कॅथरिन हॅरिस ती मुदत वाढविण्यास तयार नव्हत्या. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २६ नोव्हेंबरपर्यंत वाढविली. मायामी-डेड जिल्ह्याने ‘आमच्याने एवढ्यात पुरे होत नाही’ म्हणून मोजणी मध्येच सोडून दिली. पाम बीच जिल्ह्याची मोजणी २६ तारखेच्या संध्याकाळची मुदत टळून गेल्यावर सुमारे दोन तासांनी पुरी झाली. सचिवांनी तिचे आकडे घेतले नाहीत. त्या रात्री जो अधिकृत निकाल जाहीर झाला त्यात बुश यांना २९,१२,७९० आणि गोर यांना २९,१२,२५३ मते होती. फरक ५३७.

गोर यांनी या निकालालाच आव्हान दिले. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हुकूम केला की, यंत्राने ज्या कार्डांवर अध्यक्षपदाचे मत दिसत नाही असे म्हटले, ती सर्व राज्यभर हाताने तपासावीत. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मोजणी सुरूही झाली. आणि त्याच दिवशी दुपारी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती थांबविली. ११ तारखेला युक्तिवाद झाले, १२ तारखेच्या रात्री निकाल आला. सात न्यायाधीशांना एक गोष्ट पटली होती : एका टेबलावर लोंबकळता चॅड मत म्हणून धरतात, शेजारच्या टेबलावर धरत नाहीत, कसोटी एकच नसेल तर मतदारांना समान वागणूक मिळत नाही. इथपर्यंत मलाही त्यांचे म्हणणे पटते. पण मग एकच कसोटी ठरवून पुन्हा मोजा, असे का सांगितले नाही? तर पाच न्यायाधीश म्हणाले, आता वेळ उरलेला नाही. निर्वाचकांची नावे निर्विवाद धरली जाण्याची मुदत १२ डिसेंबर होती आणि निकालपत्र हातात पडले तेव्हा ती तारीख संपायला दोन-एक तास उरले होते. ज्या न्यायालयाने शनिवारी मोजणी थांबविली, त्यानेच मंगळवारी ‘वेळ नाही’ असे सांगावे, यातला विरोध विसंमती दर्शविणाऱ्या चार न्यायाधीशांच्याही नजरेतून सुटला नव्हता. शिवाय हा निर्णय या प्रकरणापुरताच समजावा, अशी पुस्तीही बहुमताने जोडली होती. पुढच्या खटल्यांना जो दाखला व्हायचा नाही असा दाखला न्यायालयाने निर्माण करावा, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला चमत्कारिकच वाटेल.

गोर यांनी १३ डिसेंबरला पराभव मान्य केला. ते त्या वेळी देशाचे उपाध्यक्ष होते आणि उपाध्यक्ष हाच सिनेटचा अध्यक्ष असल्याने, ६ जानेवारी २००१ रोजी निर्वाचकांची मते मोजून २७१ विरुद्ध २६६ असा बुश यांचा विजय जाहीर करण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले. ते त्यांनी केले. पुढे २००१ मध्ये काही मोठ्या वृत्तपत्रांनी मिळून शिकागोच्या एका संशोधन संस्थेकडून त्या वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. तिचा निष्कर्ष मोठा मासलेवाईक निघाला : गोर यांनी मागितली होती तेवढीच फेरमोजणी पुरी झाली असती तर बुशच जिंकले असते, पण राज्यातली सगळी बाद कार्डे तपासली असती तर बहुतेक कसोट्यांनी गोर थोडक्या मतांनी पुढे गेले असते. म्हणजे कोण जिंकला याचे उत्तर काय मोजायचे हे ठरविण्यावर अवलंबून होते.

त्याच देशात चाळीस वर्षांपूर्वी न्यायालयीन फेरमोजणी अगदी शांतपणे पार पडली होती, हे फारसे कोणाला आठवत नाही. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांच्या लढतीत हवाई राज्यात निक्सन १४१ मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले. न्यायाधीशाने फेरमोजणीचा हुकूम दिला, ती डिसेंबरअखेर पुरी झाली आणि केनेडी ११५ मतांनी पुढे निघाले. निर्वाचकांची मते देण्याची तारीख तोवर उलटून गेली होती, तरी कोणी आकांडतांडव केले नाही. उपाध्यक्ष निक्सन यांनी स्वतःच ती तीन मते आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात धरली. कारण उघड आहे. ती तीन मते इकडची तिकडे झाली तरी केनेडींचा विजय हलत नव्हता. फेरमोजणी शांतपणे होते ती तिच्यावर काही अवलंबून नसते तेव्हा!

आता आपल्याकडे वळू. भारताच्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीसंबंधीच्या सगळ्या शंका व वाद सर्वोच्च न्यायालयाने ऐकावेत आणि त्याचा निर्णय अखेरचा असावा, असे राज्यघटनेचे ७१ वे कलम सांगते. आणीबाणीत, १९७५ च्या ३९ व्या घटनादुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून काढून घेण्यात आला होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो परत आला. आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की, या कलमाचा अर्थ प्रथम लावून घेतला तो आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या एका जुन्या पुढाऱ्याने. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे हे १९३७-३८ साली या प्रांताचे काँग्रेसचे मुख्यमंत्री होते. पुढे काँग्रेसश्रेष्ठींशी त्यांचे हाडवैर झाले आणि ते हिंदुमहासभेत गेले. १९५७ च्या मे महिन्यात डॉ. राजेंद्रप्रसाद दुसऱ्यांदा उभे होते. हिमाचल प्रदेश आणि पंजाबातील काही मतदारसंघांत लोकसभेच्या निवडणुका अजून व्हायच्या होत्या. मतदारांचे मंडळच जर अपुरे, तर राष्ट्रपती निवडताच कसा येईल, असे म्हणून डॉ. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्यायालयाने त्यांना सांगितले की, ‘निवडणूक’ म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया. ती पुरी होऊ द्या, मग तक्रार घेऊन या. निवडणूक चालू असताना मध्येच हात घालायचा नाही, हे तत्त्व राष्ट्रपतिपदाच्या बाबतीत तेव्हा ठरले. निकालानंतर डॉ. खरे पुन्हा गेले, तेव्हा त्यांची याचिका १९५२ च्या कायद्याच्या चौकटीत बसत नाही म्हणून टिकली नाही. त्या कायद्याप्रमाणे अशी याचिका एकतर उमेदवाराने करावी लागे, नाहीतर दहा मतदारांनी, म्हणजे खासदार-आमदारांनी, मिळून. (१९७४ पासून ही संख्या राष्ट्रपतिपदाच्या बाबतीत वीस झाली आहे, आणि मुदत निकालापासून ३० दिवसांची.) डॉ. खऱ्यांचा पराभव झाला खरा, पण त्यांची शंका पोकळ नव्हती. १९६१ मध्ये अकरावी घटनादुरुस्ती करून, मतदारमंडळात जागा रिकाम्या होत्या या कारणाने निवडणुकीला आव्हान देता येणार नाही, असे घटनेत लिहावे लागले. १९७४ मध्ये गुजरातची विधानसभा बरखास्त असताना हाच प्रश्न पुन्हा निघाला तेव्हा या दुरुस्तीचाच आधार मिळाला.

दहा वर्षांनी दुसरा मराठी माणूस याच वाटेने गेला. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे तिखट लेखणीचे संपादक बाबूराव पटेल १९६७ साली मध्य प्रदेशातील शाजापूरहून लोकसभेवर निवडून आले होते. त्यांनी डॉ. झाकिर हुसेन यांच्या निवडीला आव्हान दिले. उमेदवाराने आधी शपथ घ्यायला हवी होती आणि मतदारांवर सत्ताधाऱ्यांनी अनुचित दडपण आणले, असे त्यांचे मुद्दे होते. न्यायालयाने दोन्ही फेटाळले. त्या निवडणुकीत झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ आणि माजी सरन्यायाधीश सुब्बाराव यांना ३,६३,९७१ मतमूल्य मिळाले होते. फरक लाखाच्या वर, तेव्हा फेरमोजणीचा विचारही कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

पण १९६९! त्या वर्षी आपण फ्लोरिडाच्या पुष्कळ जवळ गेलो होतो. झाकिर हुसेन यांचे मे महिन्यात निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, पंतप्रधान इंदिरा गांधींचा कौल ज्यांच्याकडे होता ते अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि जनसंघ-स्वतंत्र पक्षांचे उमेदवार आपले सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहितो. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक कोणालाच मिळाले नाही, तर सर्वांत खालच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना वाटतात. पहिल्या पसंतीची मते अशी पडली : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. गिरी १६,६५४ ने कमी पडले. मग लहानसहान उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि शेवटी देशमुखांचा गठ्ठा उघडला. त्यातला बहुतेक भाग रेड्डींकडे गेला. पण थोडा गिरींकडेही आला, आणि तेवढा पुरला. अखेरचा आकडा : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. स्वतंत्र भारताच्या इतिहासात दुसऱ्या पसंतीच्या मतांवर ठरलेली राष्ट्रपतीची ही एकच निवडणूक आहे, आणि ती ठरली एका मराठी माणसाला पहिली पसंती देणाऱ्यांच्या दुसऱ्या पसंतीने.

१४,६५० चा फरक ऐकायला बरा वाटतो. पण तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. कागद घेऊन हिशोब केला तर असे दिसते की, फक्त तेरा खासदारांच्या मतपत्रिका गिरींच्या गठ्ठ्यातून रेड्डींच्या गठ्ठ्यात गेल्या असत्या तर राष्ट्रपती दुसरा झाला असता. एवढ्या निसरड्या जागी उभी असलेली ही निवडणूक सर्वोच्च न्यायालयात गेली, यात नवल नाही. तिथे मुख्य भांडण मात्र मोजणीचे झाले नाही. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक वाटले गेले होते, त्यावर झाले. चालू राष्ट्रपती स्वतः न्यायालयात येऊन साक्षीला बसले. एका संभाषणाचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून घ्यावे की नाही, याचाही याच खटल्यात खल झाला. १९७० मध्ये निकाल लागला : पत्रक वाटले गेले होते, पण त्याला गिरींची संमती होती किंवा त्यामुळे निवडणुकीचा निकाल पालटला, हे सिद्ध झालेले नाही. याचिका फेटाळल्या गेल्या.

या सगळ्या काळात, जवळजवळ एक वर्ष, राष्ट्रपती भवनातले कामकाज चालूच होते. आपल्या आणि अमेरिकेच्या पद्धतीतला खरा भेद मला इथे दिसतो. अमेरिकेत भांडण निकालाच्या आधी, शपथविधीच्या तारखेशी शर्यत लावून चालते. आपल्याकडे आधी निकाल, शपथ, कारभार, भांडण मागाहून. न्यायालयाने निवड रद्द केलीच, तर त्या दिवसापर्यंत राष्ट्रपतीने केलेली कामे मात्र वैध राहतील, असेही ७१ व्या कलमात लिहून ठेवले आहे. राज्य अधांतरी लोंबकळत नाही, हा मोठा फायदा. पण त्याची किंमत हरलेल्याला मोजावी लागते. त्याच्या मागणीला घाई राहत नाही, आणि घाई नसली की आपल्याकडे काय होते ते सांगायला नको.

हे राष्ट्रपतीच्या बाबतीत जसे, तसेच लोकसभा-विधानसभेच्या बाबतीतही. तिथे ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची असते. शक्यतो सहा महिन्यांत तिचा निकाल लावावा, अशी कायद्याची इच्छा आहे. मतपत्रिकांच्या पेट्या उघडून पुन्हा मोजण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली उत्तर प्रदेशातील बाराबंकी मतदारसंघाच्या खटल्यात जो नियम घालून दिला, तो पुढच्या सगळ्या खटल्यांचा पाया झाला. मतदान गुप्त आहे, तेव्हा ‘उघडून बघू, काही सापडते का’ म्हणून पेटी उघडता येणार नाही. याचिकेत नेमकी वस्तुस्थिती मांडलेली असली पाहिजे, आणि न्यायासाठी पाहणी आवश्यक आहे असे न्यायाधीशाला सकृद्दर्शनी पटले पाहिजे. नियम शहाणपणाचा आहे. नाहीतर प्रत्येक पडलेला उमेदवार पेट्या फोडायला लावील. पण त्यातली अडचणही उघड आहे. पुरावा पेटीत आहे, आणि पुरावा दिल्याशिवाय पेटी उघडत नाही.

या अडचणीचे अगदी अलीकडचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. ४ जून २०२४ रोजी मुंबई वायव्य मतदारसंघाची मोजणी झाली. यंत्रांवरच्या मतांत शिवसेनेच्या ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते मिळाली होती. नऊ लाखांत एका मताचे अंतर! टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली. बाद झालेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासण्यात आल्या आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. कीर्तिकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुख्य मुद्दा ३३३ मतांचा होता. आपण मतदानाला गेलो आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर आपल्याला वेगळी मतपत्रिका देतात. तिला प्रदत्त मत म्हणतात. ती लिफाफ्यात बंद राहते, मोजणीत धरली जात नाही. याचा अर्थ, तोतयाने दिलेले मत मोजले जाते आणि खऱ्या मतदाराचे लिफाफ्यात पडून राहते. अशी ३३३ खोटी मते मोजली गेली आणि अंतर तर ४८ चे, असा कीर्तिकरांचा युक्तिवाद. वरकरणी तो बिनतोड वाटतो. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी ही याचिका साक्षीपुराव्याच्या पायरीवर जाण्याआधीच फेटाळली. ती खोटी मते वायकरांनाच गेली आणि त्यामुळे निकाल पालटला, हे दाखविणारी आवश्यक वस्तुस्थिती याचिकेत मांडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल १९६४ पासूनच्या धोपटमार्गावरच आहे. तरीही माझ्या मनात एक बोच राहते. यंत्रात दाबलेले तोतयाचे मत कोणाला गेले, हे उमेदवाराने याचिका लिहिताना सांगायचे तरी कुठून? मतदान गुप्त आहे म्हणून ते त्याला कळू शकत नाही, आणि ते त्याने सांगितले नाही म्हणून त्याची याचिका अपुरी. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५ असा एका मताचा निकाल लागला, तेव्हाही प्रदत्त मतांचाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणजे तेढ जुनी आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण एका खेड्याचे आहे. हरियाणात पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू या गावी २ नोव्हेंबर २०२२ रोजी सरपंचाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे एकमेकांच्या नावावर चढले, अशी तक्रार. न्यायाधिकरणाने त्या एका केंद्राची फेरमोजणी करायला सांगितले, उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, आणि प्रकरण दिल्लीला गेले. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या केंद्रांची यंत्रे आपल्याच आवारात मागविली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रबंधकासमोर, चित्रण करीत, एकूण ३,७६७ मते मोजून घेतली. हरलेला उमेदवार १,०५१ विरुद्ध १,००० असा विजयी निघाला. जे काम गावात तासाभरात झाले असते ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात झाले, आणि तोवर पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षे दुसरा माणूस सरपंचाच्या खुर्चीवर बसून गेला होता.

आपल्या महाविद्यालयातले अनेक विद्यार्थी निवडणुकीत मोजणी प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसतात, म्हणून एक गोष्ट नोंदवून ठेवतो. विधानसभा-लोकसभेच्या मोजणीसाठी असलेल्या १९६१ च्या नियमांतील ६३ वा नियम असा आहे की, मोजणी संपून आकडे वाचून दाखविल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने थोडा अवधी द्यायचा असतो. त्या अवधीतच उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने फेरमोजणीचा अर्ज करायचा असतो, तोही लेखी आणि कारणे देऊन. अधिकारी तो सर्व मतांसाठी मान्य करू शकतो, काही मतांपुरता मान्य करू शकतो, किंवा निरर्थक वाटला तर फेटाळू शकतो. मात्र निर्णय कारणांसह लेखी द्यावा लागतो. निकालपत्रकावर एकदा सही झाली की हा दरवाजा बंद होतो. तेव्हा नुसते ओरडून भागत नाही. कोणत्या टेबलावर, कोणत्या फेरीत, किती मतांचा फरक दिसला, हे त्याच वेळी कागदावर उतरवून ठेवावे लागते. पुढे उच्च न्यायालयात जी ‘नेमकी वस्तुस्थिती’ मागतात, ती बहुधा याच कागदावर असते.